मालधक्का आणि बंदराचा धक्का : बार्शी लाईट, कोकणातले पडाव आणि सोलापूर

भीमाकाठचा

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात कुर्डुवाडीचं जुनं घर आवरताना माळ्यावर आजोबांचा आकडा सापडला. लाकडी मूठ आणि पुढं वीतभर वाकडं लोखंडी टोक. कापसाच्या गाठीत हे टोक रुतवायचं, गाठ अंगाकडं ओढायची आणि वाकून पाठीवर घ्यायची. आजोबा कुर्डुवाडी स्टेशनात हमाल होते. एका अंगाला मोठ्या लाईनीची वाघीण, म्हणजे मालडबा, दुसऱ्या अंगाला बार्शी लाईट या अरुंद रुळांच्या लाईनीची छोटी वाघीण, मधे धक्का. लातूर-बार्शीकडून आलेली गाठ, ज्वारीचं नाहीतर करडईचं पोतं एकीतून काढायचं आणि दुसरीत रचायचं. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. म्हातारपणी त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता.

आकडा हातात घेऊन बसलो होतो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. रेल्वेत माल चढतो-उतरतो त्या जागेला आपण मालधक्का म्हणतो. मुंबईत रेवसच्या लाँची लागतात तो भाऊचा धक्का. शब्द एकच. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात गड्याला खलाशी म्हणतात आणि गलबतावरच्या गड्यालाही खलाशीच म्हणतात. मुंबईचा समुद्र आपल्यापासून साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब. मग त्याचे शब्द आपल्या स्टेशनात आले कसे?

माझं उत्तर असं की ते मालाबरोबर आले. सोलापूरचा इतिहास आपण गिरण्या, चादर, मार्शल लॉ, सिद्धेश्वर एवढ्यात मांडतो. पण इथला कापूस शेवटी बोटीतच चढायचा. रेल्वे यायच्या आधी इकडचा माल बैलगाड्यांनी आणि लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून पुण्यामार्गे बोरघाट उतरायचा आणि पनवेलच्या बंदरात गलबतांवर चढून मुंबईला जायचा. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. परतीला गाड्यांत काय असायचं, तर मीठ, नारळ, सुकी मासळी. सोलापूरला १८६० मध्ये रेल्वे आली खरी, पण बोरघाटातली लाईन तेव्हा तयार नव्हती. खाली खोपोलीपर्यंत गाडी, वर खंडाळ्यापासून गाडी, मधला घाट पालखी, तट्टू आणि बैलगाडी. सलग रूळ जुळले १८६३ मध्ये. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो हाच काळ.

म्हणून हा धागा. रेल्वेवर लिहिणारे रेल्वेवर लिहितात, बोटीवर लिहिणारे बोटीवर. दोन्हींच्या मधे जो धक्का आहे आणि त्यावर जी माणसं उभी आहेत त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. ज्यांच्या घरात रेल्वेच्या, गोदीच्या, गलबताच्या आठवणी असतील त्यांनी लिहावं ही विनंती.

पार्क चौक

फार चांगला विषय काढलात. माझे वडील वर्कशॉपात खलाशी होते. त्यांच्या टोळीच्या मुकादमाला जुने लोक ‘टिंडल’ म्हणायचे. तो शब्दही जहाजावरचाच, तांडेल. लहानपणी वाटायचं की टिंडल हे त्या माणसाचं नावच आहे.

वळसंगकर

बार्शी लाईट मीटरगेज होती ना? आणि तिला औद्योगिक रेल्वे म्हणता येईल का? ती तर प्रवासी गाडी होती. आम्ही आषाढीला तिनंच पंढरपूरला जायचो.

रुळावरचा

वळसंगकर, मीटरगेज नव्हे. अडीच फुटी, म्हणजे दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. मीटरगेज आपल्याकडं होटगीहून विजापूर-गदगकडं जायची ती.

औद्योगिक म्हणावं की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. साखर कारखान्याची उसाची ट्रॉली असते तशी ती एका कारखान्याची लाईन नव्हती, कुणीही तिकीट काढावं अशी सार्वजनिक गाडी होती. पण तिचा जन्म मालासाठीच झाला. बार्शी ही मोठी पेठ. कापूस, गळिताचं धान्य, ज्वारी सगळं तिथं यायचं आणि जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, मोठी लाईन मात्र वीस मैलांवरून निघून गेलेली. स्टेशनचं नाव बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी. पेठेपासून स्टेशनापर्यंत सगळा माल बैलगाडीनं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात गाडी आसापर्यंत रुतायची.

हे जीआयपीतल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं पाहिलं आणि तो या लाईनीच्या मागं लागला. १८९५ ला लंडनमध्ये कंपनी निघाली, १८९७ ला बार्शी रोड ते बार्शी हे २१ मैल सुरू झाले. पुढं १९०६ ला पंढरपूर, १९०७ ला तडवळे, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ती विकत घेतली.

कॅलथ्रॉपचं डोकं कशात होतं ते सांगतो, कारण या धाग्याशी त्याचा संबंध आहे. छोट्या गेजची गाडी म्हणजे थोडाच माल, अशी तेव्हाची समजूत. त्यानं ठरवलं की इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार वाढला तर आस वाढवायचे. त्यामुळं दर वार लांबीला अवघे तीस पौंड वजनाचे हलके रूळ चालले, खर्च उतरला आणि तरी गाडी भरपूर माल ओढू लागली. इंजिनाला आठ चाकं जोडलेली, मागं आणखी चार. दाबलेल्या पोलादाचे बोगी डबे. ही सगळी जुळणी आधी इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथं रूळ टाकून लोकांना दाखवली आणि मग जहाजात घालून इकडं आणली. म्हणजे बार्शी लाईटचं इंजिनसुद्धा आधी समुद्रावरूनच आलेलं.

पुढं १९०४ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी लाईन झाली. तिचाही इंजिनिअर कॅलथ्रॉपच आणि इंजिनं बार्शीच्या वळणाची. तिथं त्यानं एक सोय केली. मोठ्या गेजचा अख्खा डबा चढवता येईल असा बुटका गाडा बनवला, म्हणजे माल उतरवायलाच नको. हे वाचलं तेव्हा मला कुर्डुवाडीचे हमाल आठवले होते. भीमाकाठचा यांनी खांद्याचं लिहिलंय ते वाचून पुन्हा आठवले.

भीमाकाठचा

रुळावरचा, त्या बुटक्या गाड्याचं मला माहीत नव्हतं. दोनदा वाचलं. आजोबांनी आयुष्यभर जे पाठीनं केलं त्याला तोड त्याच माणसाच्या हातून निघाली होती. आज रात्री आईला हे सांगणार आहे.

गोवळकोटची लेक

मी मूळची चिपळूणची, लग्न होऊन सोलापुरात आले त्याला आता एकतीस वर्षं झाली. हा धागा सकाळी वाचला आणि स्वयंपाक तसाच ठेवून लिहायला बसले.

तुमचा माल फक्त पनवेललाच जायचा असं नाही. कराडकडचा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला यायचा. आमच्या वाशिष्ठीच्या खाडीत, गोवळकोटच्या धक्क्याला मचवे लागायचे. भरतीला आत यायचं, ओहोटीच्या आत बाहेर पडायचं. पाण्याचं वेळापत्रक कुणाला बदलता येत नाही, म्हणून घाटावरून गाड्या उशिरा आल्या की माल पुढच्या भरतीपर्यंत धक्क्यावर पडून राहायचा. माझे पणजोबा तिथं हुंडेकऱ्याकडं, म्हणजे मालवाहतुकीचा ठेका घेणाऱ्याकडं, कामाला होते. घाटावरच्या गाडीवाल्यांना आमच्याकडं ‘घाटी’ म्हणायचे. आज तो शब्द लोकांना टोचतो, पण पणजोबा तो आदरानं घ्यायचे. घाटी आला म्हणजे चूल पेटली, असं आजी सांगायची.

आजोबा मात्र पाण्यावर गेले. जयगडला पडावावर होते. इकडच्यांना पडाव माहीत नसेल म्हणून सांगते. आगबोट मोठी, तिला खोल पाणी लागतं. आमच्या बहुतेक बंदरांत ती धक्क्याला लागू शकत नसे. जयगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड सगळीकडं बोट बाहेर समुद्रात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव निघायचा. पडाव म्हणजे रुंद, उघडी, वल्ह्यांची होडी. तीत माणसं, ट्रंका, आंब्याच्या करंड्या, कोंबड्या, सगळं एकत्र. बोटीच्या कुशीला पडाव लागला की खरं काम सुरू. लाट पडावाला वर उचलते, पुन्हा खाली सोडते. वर आला की त्या एका क्षणात माणूस शिडीवर चढवायचा. आजोबा बायकांना सांगायचे, ‘बाय, मी सांगेन तेव्हाच पाय उचल, आधी नको.’ लहान पोरं हातोहात वर जायची. माझ्या आईला तसंच वर दिलेलं आहे, ती चार वर्षांची होती.

म्हणून म्हणते, तुमचे आजोबा आणि माझे आजोबा एकाच कामाचे. दोन गाड्यांच्या मधे उभं राहून एकीतलं दुसरीत घालायचं. फरक इतकाच की आजोबांच्या पायाखालचा धक्का हलत असायचा.

भीमाकाठचा

ताई, तुम्ही शेवटी जे लिहिलंत त्यासाठीच हा धागा काढला होता, मला ते असं नीट मांडता आलं नव्हतं. एक विचारतो. आजोबांकडं आकडा असायचा का?

गोवळकोटची लेक

असायचा, पण तुमच्यासारखा नव्हे. लांब बांबूला लोखंडी आकडी, बोटीच्या साखळीला अडकवून पडाव धरून ठेवायला. ती घरी राहिली नाही. पण मूठ कुठं धरायची ते आजोबांनी दाखवलेलं अजून आठवतं.

पार्क चौक

वालचंद हिराचंद यांचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही! रेल्वे आणि जहाज दोन्ही एकाच सोलापूरकराच्या आयुष्यात पाहायचं असेल तर त्यांच्यासारखं दुसरं नाव नाही.

२३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापुरात जन्म. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. त्यात मन रमेना. लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ भेटले आणि दोघांनी भागीदारीत कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पहिलं मोठं काम कुठलं? आपल्या बार्शी लाईटचं, तडवळ्याकडच्या मार्गाचं. पुढं टाटा कन्स्ट्रक्शनमध्ये असताना बोरघाटातल्या बोगद्यांची कामं. आणि १९१९ ला एकदम जहाज!

ग्वाल्हेरच्या महाराजांनी महायुद्धात इस्पितळाचं जहाज म्हणून वापरलेली ‘लॉयल्टी’ विकायला होती. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन काढली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली, वालचंद स्वतः जहाजावर होते. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळतात. जहाज जुनं होतं, १८९१ चं. फार चाललं नाही, १९२३ ला मोडीत निघालं. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाचा गळा आवळायचा प्रयत्न केला. तरी कंपनी टिकली आणि तिच्या ‘जल’ नावांच्या जहाजांची रांग उभी राहिली. विशाखापट्टणमची गोदीही त्यांचीच. तिथं बांधलेलं ‘जलउषा’ मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं.

आणि नरोत्तम मोरारजी कोण? सोलापूरची जुनी मिल उभी करणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. म्हणजे सिंदियाच्या चार संस्थापकांपैकी दोघांची नाळ सोलापूरच्या कापसाशी जुळलेली. ५ एप्रिलला गावात एखादा हार तरी पडावा असं दर वर्षी वाटतं.

केम स्टेशन

पार्क चौक, एक भर घालतो. कोकण किनाऱ्यावर प्रवासी बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन पुढं सिंदियाच्याच छत्राखाली गेली. म्हणजे ताईंचे आजोबा पुढच्या काळात ज्या आगबोटीला पडाव लावत असतील, तिच्या मालकीमागं एक सोलापूरकर होता.

गोवळकोटची लेक

हे मला आज कळतंय. आजोबा असते तर त्यांना सांगितलं असतं.

रुळावरचा

मुंबईच्या टोकाला काय व्हायचं तेही नोंदवतो. पोर्ट ट्रस्ट १८७३ चा. ससून डॉक १८७५, प्रिन्सेस डॉक १८८०, व्हिक्टोरिया डॉक १८८८, अलेक्झांड्रा डॉक (आताचा इंदिरा डॉक) १९१४. पण गोदी झाली म्हणून वाघीण बोटीजवळ जात नाही. १ जानेवारी १९१५ ला पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. वडाळ्याला जीआयपीकडून वाघिणी घ्यायच्या आणि गोदीपर्यंत, वखारींपर्यंत न्यायच्या. ही मात्र खरीखुरी औद्योगिक रेल्वे, वळसंगकर. शिवडीचं कापसाचं भलं मोठं आगारही याच साखळीतलं. हार्बर लाईनवर आज कॉटन ग्रीन स्टेशन आहे, तिथं उतरणाऱ्या किती जणांना त्या नावातला कापूस दिसत असेल?

आता बार्शीच्या एका गाठीचा प्रवास मोजा. जिनिंग-प्रेसिंगमधून बैलगाडीत, तिथून छोट्या वाघिणीत, कुर्डुवाडीला मोठ्या वाघिणीत, मुंबईत आगारात, आगारातून गोदीत, मग बोटीत. पाच-सहा वेळा माणसाचा हात लागला. गाठीला आकड्यांची भोकं किती पडत असतील!

वळसंगकर

समजलं. आणि बदलतो मत. आम्ही ज्या गाडीनं माउलीला भेटायला जायचो ती मुळात कापसासाठी होती, हे ऐकून तिच्याबद्दल जास्तच वाटतं. आषाढीला डबे पुरायचे नाहीत, तेव्हा मालाच्या वाघिणीत वारकरी बसवायचे. माझ्या आईनं तसा प्रवास केलाय. वाघिणीत ज्वारीचा वास यायचा, असं ती सांगायची.

केम स्टेशन

ताई, ‘रामदास’बद्दल तुमच्याकडं काही ऐकलंय का?

गोवळकोटची लेक

आमच्या बाजूची ती बोट नव्हे, ती रेवसची. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य अगदी महिन्यावर आलेलं. पोहून वाचलेल्यांनी बातमी दिली तेव्हा मुंबईला कळलं. अलिबागकडच्या गावांत घरंच्या घरं रिकामी झाली.

आमच्या घरी या गोष्टीचा एकच परिणाम मला माहीत आहे. आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, लागली की आजोबा पडाव वर ओढून शाकारून ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी कितीही पैसे देऊ केले तरी पाण्यात घालायचे नाहीत. रामदासनंतर तर कुणी मागायलाही आलं नाही. त्या रिकाम्या महिन्यांत फळ्यांचे सांधे भरायचं काम चालायचं. सांध्यात सुताची वात ठोकायची, वरून राळ आणि तेल. सूत आणायला मामा चिपळूणला जायचे.

उजनीकर

मी फक्त वाचतो, आज लिहितोय. तुम्ही सगळे समुद्राच्या बोटींबद्दल लिहिताय, पण आपल्या जिल्ह्यातही कामाच्या बोटी आहेत. मी करमाळा तालुक्यातला. १९८० ला भीमेवरचं उजनी धरण भरलं आणि आमचं जुनं गावठाण पाण्याखाली गेलं. पलीकडचं इंदापूर पूर्वी पायी जायच्या अंतरावर होतं, आता रस्त्यानं फार लांबचा वळसा. म्हणून बोट. दवाखाना, बाजार, लग्न, सगळं बोटीनं. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा माणसं गेली. त्यात लहान पोरंही होती. रामदासचं वाचताना मला तेच दिसत होतं. आमच्याकडं आगोट पाळायला सांगणारं कुणी नव्हतं, आम्ही पाण्यावर नवीन. धरणाच्या आधी आमच्यात पोहणारे होते, बोट जाणणारे फार थोडे.

आणि रेल्वेचं म्हणाल तर जीआयपीची मूळ लाईनच आमच्या पाण्यात आहे. धरणासाठी मुंबई-सोलापूर लाईन वळवून नव्यानं टाकली. डिकसळचा भीमेवरचा जुना दगडी रेल्वेपूल तेवढा उरला, त्यावरून पुढं कित्येक वर्षं गाड्या-मोटारी जात राहिल्या. ज्या मार्गावरनं सोलापूरचा पहिला कापूस गेला त्यावर आज कोळी बांधव जाळी टाकतात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. जुन्या मार्गाचा भराव कुठून जायचा ते म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात.

पार्क चौक

उजनीकर, हे वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही. तुम्ही लिहीत राहा.

रुळावरचा

बार्शी लाईटचंही तसंच झालं. कुर्डुवाडी-पंढरपूर २००१ च्या सुमारास मोठी झाली, लातूरकडची २००८ पर्यंत, मिरजेकडची सगळ्यात शेवटी. गेज एक झालं म्हणजे माल पलटी करायची गरजच संपली. लोकांची सोय झाली, ते चांगलंच झालं. पण तो धक्का कुठं होता ते कुर्डुवाडीत आज कुणाला दाखवता येईल का? भीमाकाठचा, तुम्हाला येईल?

भीमाकाठचा

येईल. आजोबा मला तिथं बसवून काम करायचे. मी सात वर्षांचा होतो, हातात शेंगांचा पुडा असायचा. जागा डोळ्यांपुढं आहे.

असं करू. वैशाखात उजनीचं पाणी सगळ्यात खाली असतं. एका रविवारी सकाळी कुर्डुवाडीत जमू, धक्क्याची जागा मी दाखवतो. तिथून डिकसळला जाऊ, पुढचं उजनीकर दाखवतील. रुळावरचा, तुम्ही मोजपट्टी आणि जुने नकाशे आणा. वळसंगकर, आईंना प्रवास झेपणार असेल तर त्यांना जरूर आणा, वाघिणीतल्या वारीचं त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे. ताई, तुम्ही नक्की या. आकडा मी घेऊन येतो. बांबूची आकडी कशी धरायची ते तुम्ही त्यावर दाखवा.

गोवळकोटची लेक

येते. बांबू मी आणते, आकड्याला तो लागेलच.

उजनीकर

बोट माझ्या चुलत्यांची आहे. सगळ्यांना पुरतील एवढी लाइफ जॅकेटं आधी गोळा करतो, मग तारीख सांगतो.